थाल्लुसाचे दोन नवरे

विबियाबाई दुकानात आल्या तेव्हा थाल्लुसा दोरखंडाला डांबर लावत होती. हात कोपरापर्यंत काळे. होणारी विहीण दारात उभी आणि आपला हा अवतार. दुसरी कुणी असती तर लाजून आत पळाली असती. थाल्लुसाने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"बसा विहीणबाई. भिंतीला तेवढं टेकू नका, पांढरं नेसून आलाय."

विबियाबाई स्टुलाच्या कडेवर अलगद टेकल्या. ओस्तिया ह्या रोमच्या बंदरातल्या त्या जुन्या घराण्याच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. मासळी घ्यायला गेल्या तरी भावाच्या घासाघिशीत ती कुठून तरी यायचीच. गावात एकाच नवऱ्याच्या बाईला मान मोठा. शीलदेवीच्या देवळात नैवेद्य तिनेच ठेवायचा, मेल्यावर तिच्या थडग्यावर ते कोरायचं, आणि लग्नात नवरानवरीचे हात तिनेच जुळवायचे. फक्त हात जुळवताना नवरा हयात हवा, त्यामुळे एवढं एक काम विबियाबाईंच्या हातून निसटलं होतं. नाहीतर गावातली सगळी लग्नं त्यांनीच लावली असती.

"हात कोण जुळवणार, ठरलं का?" त्यांनी विचारलं.

"रुब्रिया म्हणते, आईनेच जुळवायचे."

"म्हणूनच तर आले." विबियाबाई पुढे झुकल्या. "लोकांच्या तोंडाला काय, हात थोडाच लावता येतो? आमच्या वारेनसलाच विचारलं. माझा भाऊ, कायदा कोळून प्यायलाय तो. तो म्हणाला, दासदासींचं लग्न हे लग्नच नव्हे. नुसतं एका कोपऱ्यात राहणं. म्हणजे तुझा तो मोठ्या घरातला, काय गं त्याचं नाव?"

"फिलेरोस."

"असेल. तर तो तुझा नवरा नव्हताच मुळी! लग्न तुझं एकच, सुटका झाल्यावर हिलारसशी झालं ते. तू एकाच नवऱ्याची. बघ, कसं सोपं झालं!"

विहिणीला कुणी अगंतुगं करत नाही, पण विबियाबाईंच्या जिभेला ते वळण पडत नव्हतं. चेहरा मात्र असा फुलला होता की जणू थाल्लुसाच्या अंगावर नवं कोरं वस्त्र घातलं. आणि खरं सांगायचं तर त्यांना तसंच वाटत होतं. बाई दुष्ट नव्हत्या. आपल्याकडची चांगली गोष्ट दुसऱ्याला दिली की ती त्याला चांगलीच वाटणार, एवढीच त्यांची चूक.

"एवढंच करायचं," उठता उठता त्या म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर वेदीवर हात ठेवून म्हणायचं, मला ठाऊक नवरा एकच. म्हणजे पुन्हा कुणी कुजबुजायला नको. तुझ्यावरचा तो डाग कायमचा गेला."

त्या गेल्या आणि आतून रुब्रिया धावतच आली. पोरगी पडद्याआड कान लावून उभी होती.

"आई, ऐकलंस ना? तूच हात जुळवणार! मिर्तालेमावशीला सांगून येऊ?"

"थांब जरा," थाल्लुसा म्हणाली. ती तेल आणि राखेने हात घासत बसली, बराच वेळ. नखांतलं डांबर काही निघालं नाही.

डाग. तिच्या डोक्यात तो शब्द फिरत राहिला.

धान्याच्या कोठारांमागे ते मोठं घर होतं. तिथल्या सूत कातायच्या खोलीत थाल्लुसाचं निम्मं आयुष्य गेलं. सकाळी लोकर तोलून द्यायची, संध्याकाळी सूत तोलून घ्यायचं. कमी भरलं तर छडी. पाहुणे यायचे त्या दिवशी मालकीणबाई हातात सूत कातायची एक चाती घेऊन ओसरीवर बसायच्या. लोकर कातणारी बाई म्हणजे शीलाची बाई, हे रोमात पोरंसोरंही सांगतील. पाहुणे गेले की ती चाती एखाद्या दासीच्या अंगावर फेकली जायची. त्या बाईंचं थडगं आता वेशीबाहेरच्या रस्त्याला आहे. रुब्रिया लहान असताना अक्षरं लावायला शिकली आणि तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं: लोकर कातली, घर राखलं, एकाच पतीशी राहिली. थाल्लुसा तिथेच रस्त्यावर इतकी हसली की एका गाडीवानाने खेचरं थांबवून विचारलं, बाई, बरं नाही का?

फिलेरोस त्याच घरातल्या स्नानघराची भट्टी लावायचा. भुवया कायम जळलेल्या. त्यांचं लग्न लावायला ना कुणी डुक्कर कापलं, ना कुणी अक्रोड उधळले. कारभाऱ्याने एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, तिथे राहा. ते राहिले. तिला दिवस गेले तेव्हा तिच्या हातांना इतकी सूज आली की चाती बोटांत टिकेना. तेव्हा फिलेरोसने तिच्या वाटणीची लोकर उचलली आणि भट्टीपुढे बसून स्वतः कातायला लागला. पुरुषाच्या हातात चाती! अख्खं घर लोटलं बघायला. माळ्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्याला फिलेरोसबाई म्हणू लागले. आचारी तर त्याला येताजाता लाडाने मान डोलवून दाखवायचा.

"हसा," तो म्हणायचा. "सूत निघतंय ना? मग झालं."

सूत कसलं, दावंच ते. जाड, गाठीगाठीचं. कारभाऱ्याने ते डोळ्यांपुढे धरलं, थाल्लुसाकडे पाहिलं, भट्टीच्या दिशेने पाहिलं आणि पारड्यात टाकलं. वजन भरलं. त्याला वजनाशीच काम होतं.

मूल जिवंत आलं नाही. आणि मालक गेल्यावर वारसांनी घराची वाटणी केली, तेव्हा फिलेरोस नदीवरच्या चुनाभट्टीच्या वाट्याला गेला. भट्टीचं काम येतं ना, मग पाठवा, एवढाच विचार. पुढे मालकीणबाईंनी मरताना काही दासींची सुटका केली, त्यांत थाल्लुसा होती. मोकळी झाल्यावर ती पहिल्यांदा गेली ती दोरवाल्याच्या दुकानात, कारण तिथे गावोगावचे गाडीवान दोर घ्यायला येतात. चुनाभट्टीवर फिलेरोस नावाचा माणूस आहे का, विचाराल का कुणाला? दुकानदार हिलारस, तोही सुटलेला दास, येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला न कंटाळता विचारत राहिला. शेवटी एकाने सांगितलं, होता, छातीत चुना भरला, गेला. थाल्लुसा दोरांच्या ढिगावर बसून रडली. हिलारस दोर वळत राहिला, आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्या तांब्यापासून पुढे सगळं घडलं. दुकान, संसार, रुब्रिया.

आता ह्यात डाग कुठला, ते कुणीतरी दाखवावं.

संध्याकाळी जवाची पेज पुढे आली तेव्हा तिने रुब्रियाला सांगितलं, "मी वेदीवर तसं म्हणणार नाही."

रुब्रियाने तोंडाला लावलेला वाडगा खाली घेतला. "कसं?"

"एकच नवरा ठाऊक, असं. मला दोन ठाऊक आहेत."

"आई, तो मेलाय. त्याला काय कळणार आहे?"

"त्याला नाही कळणार. मला कळेल."

"पण कायद्याने तो तुझा—"

"कायद्याने तर मीही नव्हते गं." थाल्लुसाने वाडगा खाली ठेवला. "त्या घराची वाटणी झाली तेव्हा पितळेच्या भांड्यांनंतर आणि गाढवांच्या आधी माझं नाव पुकारलं. तो नवरा नव्हता, का, तर आम्ही माणसं नव्हतो. वारेनसमामांच्या कायद्याचा अर्थ एवढाच. मग मी देवापुढे काय म्हणायचं? की मी माणूस नव्हते, तेव्हा जे झालं ते धरू नका?"

"तुला तुझंच पडलंय!" रुब्रिया उठूनच उभी राहिली. "विबियाबाई आधीच नाकं मुरडतायत, त्यांना निमित्तच हवंय. फुस्कस बिचारा आईपुढे तोंड उघडत नाही. लग्न मोडलं तर? आणि नाही मोडलं तरी सगळ्या मुलींच्या आया पुढे, आणि माझी आई मागे कोपऱ्यात उभी राहणार, जशी काही..."

"जशी काही काय?"

"दासी," रुब्रिया म्हणाली आणि तिने जीभ चावली.

थाल्लुसाला राग आला नाही. लागलं मात्र. "होतेच की," ती म्हणाली. "पेज पी, थंड होतेय."

पोरगी पेज न पिताच आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको दोर वळत होते. थाल्लुसा पीळ द्यायचा आकडा फिरवत होती, हिलारस दुसरं टोक धरून उलटा उलटा मागे जात होता. हे काम असं की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे ह्या घरातली सगळी गुपितं शेजाऱ्यांना पाठ.

"तू सांग!" ती ओरडली. "म्हणू का तसं?"

"मी काय सांगणार? माझीही एक होती, तुला ठाऊक आहे. तिचं मला कुणी विचारलं नाही!"

"तुला कोण विचारणार? तू पुरुष!"

"तेच म्हणतोय मी! आणि वारेनसचं बघ, चौथीशी लग्न करून बसलाय, आणि शकुन बघायला तोच!"

दोर ताणला गेला. हिलारस थांबला, टोक खुंटीला बांधलं आणि चालत तिच्यापाशी आला. हे मात्र त्याला शेजाऱ्यांना ऐकवायचं नव्हतं.

"दुसरा म्हणालीस तर मला राग नाही," तो म्हणाला. "दुसरा तर दुसरा. पण वेदीवर हात ठेवून मला पहिला म्हणालीस ना, तर मला रोज वाटेल की मी कुणालातरी उठवून त्याच्या जागेवर बसलोय. मी त्या माणसाची चौकशी केली होती, थाल्लुसा. इतक्या जणांना त्याचं नाव विचारलंय मी, तो मला परका नाही राहिला."

थाल्लुसाने डांबरट हाताने त्याचा गाल धरला. गाल काळा झाला, आणि दिवसभर गिऱ्हाइकं हसत राहिली.

"नाही म्हणून निरोप पाठव," हिलारस त्याच वेळी म्हणाला होता. "दुसरी कुणी जुळवेल हात."

"ते सोपं आहे. पण मग लोक म्हणतील, हिला लाज वाटली. मला लाज वाटत नाही. विचारताहेत ना चारचौघांत? मग चारचौघांतच ऐका."

लग्नाच्या सकाळी दाराच्या चौकटीला लोकरीच्या माळा लागल्या, अंगणात वेदी मांडली, आणि तमालपत्रावर भाजलेल्या वड्यांचा वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. आत सेकुंदा आणि मिर्ताले नवरीचे केस सहा वेण्यांत गुंफत होत्या. सेकुंदा भटारवाल्याची बायको, जन्माची मोकळी आणि तोंडाचीही. मिर्ताले माशांचं कालवण विकायची. थाल्लुसासारखीच सुटलेली, पण स्वतःबद्दल फारसं न बोलणारी. नवरीच्या कमरेची लोकरी गाठ आईने बांधायची. त्या संध्याकाळपासून रुब्रिया आईशी कामापुरतंच बोलत होती.

"म्हणशील ना, आई?" तिने हळूच विचारलं.

"खरं असेल ते म्हणेन. तुला आधीच सांगितलंय."

रुब्रियाचे डोळे भरले. तिने केशरी ओढणी तोंडावर ओढून घेतली. थाल्लुसाने गाठ आवळली. पोरीच्या श्वासाबरोबर ती वरखाली होत होती, आणि आपण हिचं वाटोळं तर करत नाही ना, असं थाल्लुसाच्या मनात आलं. त्या क्षणी कुणी येऊन म्हटलं असतं, जाऊ दे गं, तर तिने कदाचित जाऊही दिलं असतं. पण कुणी आलं नाही. बाहेरून वारेनसमामांचा आवाज आला, चला, मुहूर्त जातोय.

डुकराची आतडी बघून मामांनी शकुन उत्तम असल्याचं जाहीर केलं. शेजारी त्यांची चौथी बायको उभी होती, नवरीपेक्षा थोडीशीच मोठी. फुस्कस वेदीसमोर हात पुढे करून उभा होता. पोरगा धान्य मोजायच्या कामावर होता, मापाच्या वरचा दाणा काठीने सरळ रेषेत उडवणारा, पण माणसांत आला की कान लालबुंद. विबियाबाई त्याच्या मागे होत्या, आणि त्यांच्यामागे त्यांचा गोतावळा.

"थाल्लुसा," विबियाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हात जुळवायच्या आधी सांग बाई सगळ्यांना."

थाल्लुसाने वेदीवर हात ठेवला. दगड गरम होता.

"मला नवरे दोन," ती म्हणाली.

बासरीवाला वाजवता वाजवता थांबला.

"पहिला फिलेरोस. मोठ्या घरात भट्टी लावायचा. दुसरा हिलारस, हा इथे उभाय तो. दोघंही चांगले निघाले. आता बोला."

"अगं, वेडी का खुळी तू!" विबियाबाई कुजबुजल्या, पण अशी कुजबुज की गच्चीवरच्यांनाही ऐकू गेली. "वारेनसने सांगितलंय ना, तो नवरा नव्हता!"

"वारेनसमामांना काय ठाऊक? ते होते का तिथे?"

मागे कुणीतरी फसकन हसलं. थाल्लुसा हसली नाही. नाव तोंडातून निघालं होतं आणि आता तिला थांबायचं नव्हतं.

"मी पोटुशी होते. माझ्या हातांना सूज आलेली. तेव्हा माझ्या वाटणीची लोकर त्याने कातली. पुरुष असून कातली. लोक बाई म्हणून चिडवायचे, तरी कातली. गाठीगाठीचं सूत यायचं, पण त्या सुतामुळे माझ्या पाठीवर छडी पडली नाही. तुमच्या वेशीबाहेरच्या थडग्यांवर कोरलंय ना, लोकर कातली, लोकर कातली? त्या बायांनी कधी चातीला बोट लावलं नाही, कातली ती आम्ही. आणि आमच्यात कुणाच्या थडग्यावर ते कोरायचंच असेल, तर फिलेरोसच्या कोरा. त्याला थडगंच नाही, ही गोष्ट वेगळी. अशा माणसाला मी देवापुढे 'नव्हताच' म्हणू? माझी जीभ झडेल."

विबियाबाई ताठ झाल्या. त्यांनी दिलेलं ते नवं कोरं वस्त्र जणू कुणीतरी चिखलात फेकलं होतं.

"इतकं करून तुला वर आणत होते," त्या म्हणाल्या. "पण शेवटी दासी ती दासीच. बाजूला हो. तुला हात जुळवता येणार नाहीत."

"नाही जुळवत," थाल्लुसा म्हणाली आणि बाजूला झाली. कोपऱ्यात नाही गेली. वेदीच्या बाजूलाच उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

आता एकाच नवऱ्याची बाई शोधणं आलं. विबियाबाईंची नजर फिरू लागली आणि बायका एकमेकींच्या मागे सरकू लागल्या.

"माझ्याकडे काय बघता?" सेकुंदा म्हणाली. "मी तिसऱ्यावर आहे, आणि हाही खोकतोय."

सगळे हसले, खोकणारा भटारवालासुद्धा.

"मिर्ताले, तू ये," विबियाबाई म्हणाल्या. "तुझा तर एकच. मला ठाऊक आहे."

मिर्ताले पुढे आली. तिने ओले नसलेले हात पदराला पुसले. थाल्लुसाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"कायद्याने एकच," ती म्हणाली. "पण रंगाऱ्याच्या घरात माझा गेमेल्लस होता. त्याला जहाजावर विकलं. मी त्याचं नाव कधी काढलं नाही."

तिचा नवरा, कोळ्यांचा मुकादम, वळून तिच्याकडे बघतच राहिला. त्यालाही हे नवीन होतं. मिर्ताले मागे गेली नाही. थाल्लुसाने तिचा हात धरला. मागे उभ्या असलेल्या सुटलेल्या बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही, म्हणजे विबियाबाईंना तिकडेही विचारायची सोय राहिली नाही.

शेवटी त्यांनी आपल्याच पुतणीला पुढे ढकललं. पोरीचं लग्न नुकतंच झालेलं; एकाच नवऱ्याची होती, कारण दुसऱ्याला अजून वेळच मिळाला नव्हता. ती बावरून नवरीचा हात धरायला गेली.

रुब्रियाने हात मागे घेतला.

"थांब," ती म्हणाली. तिने ओढणी मागे टाकली. डोळे रडून लाल झालेले, नाक वाहत होतं, आणि कपाळावरची एक वेणी सुटली होती. "तुम्ही माझ्या आईला काय म्हणालात, विबियाबाई?"

"मी खरं तेच म्हणाले."

"दासी म्हणालात. तो शब्द मीही म्हटला होता तिला. माझ्या तोंडून निघाला तेव्हा मला कळलं नाही तो कसा आहे. तुमच्या तोंडून ऐकला आणि कळलं." तिने नाक मनगटाला पुसलं. "आई, इकडे ये."

"मी दोन नवऱ्यांची गं," थाल्लुसा म्हणाली.

"ऐकलं मी. बंदरापर्यंत ऐकलं असेल सगळ्यांनी. ये. दोघांच्या वतीने जुळव."

"असं लग्न लागत नाही!" विबियाबाई कडाडल्या. "हे लग्नच नव्हे!"

थाल्लुसा वारेनसमामांकडे वळली. "मामा, तुम्ही कायदा कोळून प्यायलात म्हणे. सांगा. हात जुळवणारी नसेल तर लग्न लागतं की नाही?"

मामांनी घसा साफ केला. बहिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पण कायद्याचं विचारलं की त्यांना खोटं बोलता येत नसे, चार लग्नांच्या भानगडींत तेवढी एक गोष्ट त्यांनी जपली होती. "तसं म्हणाल तर," ते म्हणाले, "मुलामुलीची मर्जी आणि वडीलधाऱ्यांची ना नसली की झालं. मुलाला वडील नाहीत, तो त्याच्या मर्जीचा. बाकीची सगळी रीत."

"मुलीच्या बापाची ना नाही," हिलारस म्हणाला.

"ऐकलंत विहीणबाई?" थाल्लुसा म्हणाली. "कायदा तुम्हीच आणला होता ह्या घरात."

विबियाबाईंनी मुलाचा दंड धरला. "चल, फुस्कस."

सगळे फुस्कसकडे बघू लागले. त्याचे कान आता लाल नव्हते, पांढरे पडले होते. उजवा हात मात्र मघापासून तसाच पुढे केलेला होता. खाली घ्यायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग रुब्रियाकडे.

"आई, तू हो पुढे," तो म्हणाला. "मी थांबतो."

विबियाबाई गेल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, मान ताठ ठेवून गेल्या, आणि त्यांच्यामागे निम्मं अंगण रिकामं झालं. पुतणी जाताना एकदा मागे वळून पाहत होती. ह्या बाई पुढे किती वर्षं रुब्रियाशी बोलणार नाहीत, सणाला बोलावणार नाहीत, हे थाल्लुसाला तिथल्या तिथे दिसलं. पोरीलाही दिसलं असणार. तरी तिने हात पुढे केला.

थाल्लुसाने पोरीचा हात घेतला, पोराचा हात घेतला, आणि एकात एक ठेवून वरून आपले दोन्ही हात दाबले. नखांत अजून डांबर होतं. ओठ हलले; एक नाव हिलारसने ओळखलं आणि दुसरंही त्यानेच ओळखलं.

मग बासरी सुरू झाली, उरलेल्यांनी दुप्पट खाल्लं, आणि वरात निघायची वेळ झाली. रितीप्रमाणे सेकुंदाने नवरीची लोकर आणि चाती आणली, वरातीत मिरवायला. रुब्रियाने ती तिच्या हातातून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"तुला कातता येतं?" तिने फुस्कसला विचारलं.

लोक खदखदून हसले. कुणीतरी शिट्टी मारली. फुस्कसचे कान पुन्हा लाल झाले.

"नाही," तो म्हणाला. मग त्याने सासूकडे पाहिलं. "कोण शिकवेल?"

"मी शिकवेन," थाल्लुसा म्हणाली. "जाडं आलं तरी चालेल. सूत निघालं म्हणजे झालं."

फुस्कसने हात पुढे केला आणि बायकोच्या हातातली चाती घेतली.